सायमनभाऊच्या खिशातल्या पिना

सायमनभाऊचा हात आधी चालायचा, तोंड नंतर. भेटला की पाठीत दणका आणि मग, "काय बी.ए., कुठं निघाली?" मी बी.ए. झाले त्या दिवसापासून त्याने माझं नावच टाकून दिलं. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. सायमनभाऊ तर माझ्याही आधी सांगायचा, अगदी अनोळखी ट्रकवाल्यालाही. "ही आमची बी.ए. हिच्यासमोर शिवी देऊ नको, नाहीतर पाना घालीन डोक्यात." एवढं सांगताना तो स्वतः दोन शिव्या देऊन मोकळा व्हायचा. आम्ही आपसात कोकणी बोलतो, समुद्राकाठची नव्हे, आमच्या डोंगरातली. इथे सगळं मराठीत लिहितेय, त्यामुळे त्याच्या शिव्या निम्म्याहून कमी झाल्यात, एवढं वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं.

खांडबाऱ्यात स्टेशनच्या रस्त्याला त्याचं पंक्चरचं दुकान आणि समोर माझ्या बापाची चहाची टपरी. सायमनभाऊ बुटका. मान जवळजवळ नाहीच. हात मात्र एखाद्या उंच माणसाचे काढून लावल्यासारखे, आणि ते कोपरापर्यंत कायम काळे. रविवारी चर्चला येताना घासून घासून मनगटापर्यंतच उजळायचे, त्यामुळे हातमोजे घातल्यासारखा दिसायचा. एकदा पाळकसाहेबांनी दुसरा गाल पुढे करण्यावर प्रवचन दिलं. बाहेर पडताना हा मोठ्याने म्हणाला, "दुसरा गाल कोणाचा, ते काही साहेबांनी सांगितलं नाही." सगळे हसले. साहेबही हसले, पण जरा लांब सरकून.

त्याला बायको नव्हती, पोर नव्हतं. फुटबॉल होता.

आमच्या नवापूरकडच्या डोंगरपट्टीत फुटबॉल कधीपासून आहे ते मला माहीत नाही. क्रिकेटला सपाट जागा लागते, ती आमच्याकडे नाही, एवढं खरं. आमचं मैदान रेल्वे फाटकापलीकडे आहे आणि तेही एका बाजूला उतरतं. वरच्या बाजूने खेळणारा संघ आपोआप जोरात धावतो. सायमनभाऊ त्या मैदानाचा मालक नव्हता, संघाचा कोच नव्हता, कसलाच पदाधिकारी नव्हता. तो फक्त बघायचा. पण सामना कसा बघायचा हे सगळ्या गावाला त्याने शिकवलं. जुन्या ट्यूबच्या काळ्या पट्ट्या कापून तो सगळ्यांना मनगटात घालायला द्यायचा. आमची पोरं, म्हातारे, दोन-चार बायका, सगळ्यांच्या हातात ती काळी पट्टी. शेजारपाजारचे आम्हाला 'ट्यूबवाले' म्हणायचे. लांब कापलेली ट्यूब त्याच्या कंबरेला असायची ती वेगळी, तशा त्याने पोरांनाही कापून दिल्या होत्या. तिचा फटका बसला की आधी आवाज येतो, मग कातडी फुगते, मग रडू येतं. मैदानाच्या कडेला त्याने ती दोनदा नुसती हवेत फिरवली की रेषेजवळ आलेला पाहुणा खेळाडू चेंडू सोडून आत पळायचा.

एका पंचाने आमच्याविरुद्ध पेनल्टी दिली तेव्हाची गोष्ट. सायमनभाऊ चालत आत गेला, पंचाच्या तोंडातली शिट्टी दोरीसकट ओढली, टाचेखाली चिरडली, आणि पंच काही बोलणार तोच त्याच्या तोंडावर एक ठेवून दिली. ओठ फाटला. पोरांनी पंचाला वाचवलं, सामना तसाच बुडाला. संध्याकाळी बघते तर आमच्या टपरीवर तोच पंच बाकावर, आणि शेजारी सायमनभाऊ बशीत चहा ओतून फुंकर घालतोय. "थांब रे, गरम लागेल फाटल्या ओठाला." पंच बिचारा पीत होता. तो जरा सरकला तरी सायमनभाऊ त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला परत जवळ ओढायचा. "पेनल्टी नव्हती ना? सांग की. नव्हती ना?" पंच म्हणाला, "नव्हती." तेव्हा कुठे त्याने बशी खाली ठेवली.

आणि ती पिनांची पद्धत. टायरच्या तोंडात एक बारीक पितळी पिन असते, वालपिन. ती काढली की हवा फुस्स करून निघून जाते. पाहुणा संघ जीपने यायचा. सामना सुरू झाला की सायमनभाऊ शिट्टी वाजवत जीपभोवती एक फेरी मारायचा आणि चारही चाकांच्या पिना शर्टाच्या खिशात टाकायचा. का, तर पाहुण्यांनी जिंकून पळून जाऊ नये. आम्ही जिंकलो तर तो दुकानातला कॉम्प्रेसर हातगाडीवर घालून आणायचा, पिना बसवायचा, हवा भरायचा, वर चहा पाजून हात हलवत निरोप द्यायचा. हरलो तर ज्याची जीप त्याने ढकलत न्यावी. खेळ चालू असताना तो कडेला उड्या मारायचा तेव्हा खिशातल्या पिना खुळखुळायच्या. आम्हाला तो आवाज आवडायचा. पाहुण्यांची हवा आपल्या खिशात आहे, असं आम्ही म्हणायचो आणि हसायचो.

मैदानात कोणी पडलं की सायमनभाऊचा एकच इलाज. आपला असो की परका, तो रेषेवरून ओरडायचा, "ऊठ रे! तुला काय चादर अंथरून ठेवलीय?" आपला असेल तर आत जाऊन दोन थोबाडीतही मारायचा. पडलेला माणूस मारला की उठतो, असं त्याचं पक्कं मत होतं. खरं सांगायचं तर बहुतेक उठायचेच.

सगळ्यात जास्त मार जोएलने खाल्ला. मार्था मावशीचा जोएल वळवी, बारावी झालेला, पायात जे काही होतं ते आमच्या पट्टीत कोणाच्या पायात नव्हतं. चेंडू त्याच्याकडे आला की मैदान क्षणभर गप्प व्हायचं आणि मग एकदम फुटायचं. मी माइकवरून सामन्याचं वर्णन करायचे (बी.ए. असल्यामुळे माइक माझ्याकडे), तर जोएलकडे चेंडू गेल्यावर माझंही वाक्य अर्धं राहायचं. नाताळानंतर त्याला पुण्याच्या एका मोठ्या संघाने चाचणीला बोलावलं होतं. सायमनभाऊने त्याला स्टेशनवर गुटखा खाताना पकडलं तेव्हा फलाटावर लोळवून मारलं आणि मग दुकानात आणून सहा उकडलेली अंडी खायला लावली. जोएल तोंडात अंडं असतानाच म्हणाला, "भाऊ, तुमचा हात एवढा चालतो, एकदा गोलकीपर व्हा ना."

"तुझ्या थोबाडाचा गोलकीपर होतो," सायमनभाऊ म्हणाला, आणि मीठ पुढे सरकवलं.

दिवाळीच्या सुमारास एकदा सरावात जोएल धावता धावता बसला. म्हणाला, छातीत धडधडतंय, डोळ्यांपुढे काळं येतंय. सायमनभाऊने तोंडावर पाणी मारलं, एक थोबाडीत दिली. "पुण्याची भीती आहे ती. ऊठ." जोएल उठला, हसला, आणि त्या दिवशी दोन गोल केले. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं होतं.

नाताळच्या आधीची आमची स्पर्धा. शेवटचा सामना रनाळ्याच्या संघाशी. ते तापीकाठचे, शेतीवाडीवाले, अहिराणी बोलणारे. त्यांना घेऊन दगाभाऊ आला होता, स्वतःच्या जीपने. बाजारात मिरची घेऊन येणारा, तोंडाने गोड, सायमनभाऊच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. सायमनभाऊने त्याला आलिंगन दिलं, आणि पहिल्या शिट्टीला त्याच्या जीपभोवती फेरी मारली.

दुसऱ्या हाफात जोएल कोपऱ्याकडे चेंडूमागे धावला. बचावाला खेळणारा त्यांचा उंच बॅक त्याच्या मागे होता. मागे होता, अंगाला लागलेला नव्हता; मी उंचावर बसले होते, मला दिसत होतं. जोएलचे पाय एकमेकांत अडकले असं वाटलं. हात पुढे न टाकता तो तोंडावर पडला. माणूस पडताना हात टाकतोच. त्याने टाकले नाहीत.

"मारला!" सायमनभाऊ ओरडला. "बॅकने मारला!"

मग कोणी कोणाचं ऐकलं नाही. सगळ्या ट्यूब एकदम सुटल्या. उंच बॅक पळत होता आणि त्याच्या उघड्या पाठीवर पट्ट्या उमटत होत्या. त्यांच्यातल्या एकाने आमच्या एका म्हाताऱ्याला डोक्यात बूट मारला. कोणाचा तरी दात माझ्या खुर्चीपाशी येऊन पडला, मी पाहिला, छोटा होता. मी माइकवर "थांबा, जोएलकडे बघा" म्हणत होते आणि तो आवाज मलाच कर्ण्यातून परत ऐकू येत होता. जोएल कोपऱ्यात तसाच. चार जण होते त्याच्याजवळ. कोणी बूट हुंगवत होतं, कोणी त्याच्या मुठीत किल्ली कोंबत होतं, फिट आली समजून. सायमनभाऊ धावत गेला, त्याच्या छातीवर बसला आणि थोबाडीत मारायला लागला. डावीकडून, उजवीकडून. "ऊठ. ऊठ रे. ऊठ." जोएलचं डोकं मारेल तिकडे जात होतं. ओठ निळे पडत चालले होते.

त्या धुमाळीत सगळ्यात आधी शहाण्यासारखं बोलला तो दगाभाऊ. कानातून रक्त येत होतं त्याच्या. "अरे भो, पोऱ्याले दखा ना पहिले! मन्ही गाडीमा टाका त्याले, चला!" सहा जणांनी जोएलला उचलून जीपकडे नेलं. दगाभाऊ किल्ली फिरवायला वाकला आणि तिथेच थांबला. जीप चारही चाकांवर बसलेली होती.

"मन्ही गाडीनी हवा कोनी काढी रे?"

सायमनभाऊचा हात खिशाकडे गेला. घाईत खिसाच फाटला आणि पिना धुळीत पडल्या. मग ज्या माणसांनी आत्ता एकमेकांची डोकी फोडली होती ती सगळी गुडघ्यांवर बसून धूळ चाळायला लागली, आमची आणि त्यांची. तीन सापडल्या. एकाने मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये जोएलला बसवून पाहिलं. मान लटकली, तो निसटून खाली पडला. रुग्णवाहिका बाळंतिणीला सोडायला डोंगरात गेली होती. कॉम्प्रेसर लांब दुकानात राहिला होता. सायमनभाऊला कुठूनतरी पायपंप मिळाला आणि तो पंप मारायला लागला. एवढ्या जोरात कोणी पंप मारताना मी पाहिलं नाही. टायर जरा जरा वर येत होता आणि तो दर दणक्याला "ऊठ" म्हणत होता, टायरला की कोणाला, माहीत नाही. शेवटी बाजारातून भाजीचा टेम्पो आला, त्यात घालून जोएलला नेलं. टेम्पो फाटकाबाहेर गेला तरी सायमनभाऊ पंप मारतच होता.

जोएल मेला नाही. नवापूरच्या दवाखान्यात त्याचं हृदय कसंबसं सुरू केलं, सुरतेच्या मोठ्या दवाखान्यात ते नीट चाललं. डॉक्टर म्हणाले, हृदयात जन्मापासूनचा दोष होता, कोणाच्या लक्षात येत नाही, त्यामुळे ते मध्येच थांबलं. आणि तेवढा वेळ मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही. आता तो चालेल, बोलेल, ओळखेल असं सांगता येणार नाही.

"ऑक्सिजन म्हणजे हवाच ना, बी.ए.?" सायमनभाऊने मला विचारलं.

मी हो म्हटलं.

एक सिस्टर तिथेच काहीतरी आवरत होती. ती म्हणाली, "मैदानात कोणी छाती दाबली नाही का त्याची? अशी, दोन्ही हातांनी, पंप मारल्यासारखी?"

"पंप मी मारत होतो, सिस्टर," सायमनभाऊ म्हणाला. "जीपला."

तिला काही कळलं नाही. ती निघून गेली. सायमनभाऊने भिंतीवर डोकं आपटलं. एकदा आपटलं तेव्हा आम्हाला वाटलं चक्कर आली. मग कळलं की तो आपटतोय, आणि चौघांनी धरलं.

गावात दुःख कसं करतात ते मी पुस्तकांत वाचलंय. लोक रडतात, प्रार्थना करतात. आमच्याकडेही प्रार्थना झाली, मार्था मावशीच्या अंगणात बायका रोज रडल्या. पण ट्यूबवाल्यांना रडता येत नव्हतं. त्यांनी मैदानातले बांबूचे गोलपोस्ट उपटून तोडले आणि जाळले. जोएलचा नंबर पाठीवर गोंदवून घेतलेला एक पोरगा रात्रंदिवस दारू पिऊन स्वतःच्या भावाला मारत सुटला. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, की रनाळ्याच्या बॅकने कोपर मारलं छातीत. रोज ते कोपर मोठं होत गेलं. सायमनभाऊ यावर हो म्हणत नव्हता, नाही म्हणत नव्हता. दुकान बंद करून आत बसलेला असायचा.

बाजाराच्या दिवशी दगाभाऊ नेहमीप्रमाणे मिरची घेऊन आला. त्याला वाटलं असेल, आपण तर मदत केली. पोरांनी त्याला जीपमधून ओढून काढला. पोती फोडली. लाल मिरची रस्त्यावर पसरली आणि तिच्यावरून दगाभाऊला फरफटवला. सगळा बाजार खोकायला लागला, मारणारे, मार खाणारा, बघणारे, सगळ्यांचे डोळे वाहत होते. दगाभाऊ ओरडत होता, "मी काय करं रे, भो? मी तं म्हनं, गाडीमा टाका त्याले!" एकाने जीपवर रॉकेल ओतलं.

सायमनभाऊचं दार उघडलं. तो आला आणि सरळ पडलेल्या दगाभाऊच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा राहिला. पोरं थांबली. त्यांना वाटलं, पहिला फटका भाऊच मारणार. त्याने मूठ उघडली. तीन पिना.

"ह्या कोणाच्या गाडीच्या?" त्याने विचारलं.

दोघा-तिघांनी जीपकडे पाहिलं.

"बॅकने त्याला हात लावला नाही. मी बघितलं होतं आणि तरी ओरडलो, कारण आपला पडला की मी ओरडतोच. गाडी होती. हवा नव्हती. हवा माझ्या खिशात होती." मग, "जीप जाळू नका. मारायचं तर मी आहे इथं."

सगळे नुसते खोकत होते. मग मागून कोणीतरी पहिली ट्यूब मारली. मग दुसरी. मग मोजता येईना. ट्यूब त्यानेच कापून दिलेल्या होत्या आणि हात कुठून फिरवायचा तेही त्यानेच शिकवलेलं. त्याने ते लांब हात एकदाही वर केले नाहीत. शर्ट फाटून पाठीला चिकटला. तो गुडघ्यावर आला, मग मिरचीत पालथा पडला. आणि गर्दीतून एक जण, सवयीने असेल, ओरडला, "ऊठ रे! चादर अंथरून ठेवलीय का?"

एरवी यावर सगळे हसायचे. त्या दिवशी त्या पोराने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. पट्ट्या खाली आल्या. दगाभाऊने, त्याच दगाभाऊने, सायमनभाऊच्या काखेत हात घालून त्याला उठवून बसवलं. "पुरे रे आते. मरी जाई तो."

त्यानंतर सायमनभाऊने गाव सोडावं असं बऱ्याच जणांना वाटत होतं. त्यालाही वाटत असावं. दुकानाचं सामान त्याने बांधायला घेतलं होतं. एक दिवस मार्था मावशी जोएलला चाकांच्या खुर्चीत बसवून स्टेशनच्या रस्त्याने आली. इतके दिवस ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. खुर्ची दुकानासमोर थांबवून ती म्हणाली, "सायमन, डाव्या चाकात हवा नाही."

तो उभाच राहिला.

"बघतोस काय? गावात दुसरा कोण आहे भरणारा?"

त्याने बांधलेलं सामान सोडलं.

मला पुढे धडगावला शाळेत नोकरी लागली. घाट उतरून गावी येणं कमी झालं. गेल्या नाताळाला आले तेव्हा मैदानात नवे गोलपोस्ट होते आणि सामना होता. माइक आता दुसऱ्याच पोरीकडे आहे, चांगली बोलते. पाहुण्यांची जीप फाटकाकडे तोंड करून उभी होती, किल्ली आतच. सायमनभाऊ तिच्याभोवती फेरी मारत होता. जुन्या सवयीने मी त्याच्या खिशाकडे पाहिलं. तो प्रत्येक टायरला तळहाताने दणका घालून हवा बघत होता. मला पाहून दणका द्यायला हात उचलला, आणि खाली घेतला. "काय बी.ए.," एवढंच म्हणाला. केस पांढरे झालेत. मनगटात पट्टी नाही. जोएलच्या मनगटात आहे.

जोएल रेषेजवळ खुर्चीत होता. मान एका बाजूला, तोंडातून लाळ, नजर चेंडूवर आहे की पलीकडच्या डोंगरावर ते कळत नव्हतं. खेळ सुरू झाला. चेंडू आमच्या बाजूने गेला आणि लोक ओरडले तसा जोएलचा उजवा हात अचानक उडाला. सायमनभाऊ खाली बसून खुर्चीच्या चाकाला हवा भरत होता. हात फाडकन त्याच्या गालावर बसला. मी दचकले.

"आपोआप उडतो तो," मार्था मावशी मला म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, त्याला काही कळत नाही."

सायमनभाऊने पंप बाजूला ठेवला. गाल बाजूला घेतला नाही, दुसराही पुढे केला नाही. तोच गाल तिथेच ठेवला, जोएलच्या हाताच्या टप्प्यात.

"मार," तो हळू आवाजात म्हणाला. "मार, आणि ऊठ म्हण मला. एकदा म्हण."

मैदानात कोणीतरी पडलं होतं आणि सगळे उठून उभे राहिले होते. जोएलचा हात पुन्हा उडाला.